‘फिल्टर’ म्हणजे नक्की कुठला फिल्टर?

मुंबईत कॉफी भाजून विकणारी दुकानं दोन जातीची आहेत. दोन्हीकडे ‘फिल्टर’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. या एका शब्दापायी माझ्या ओळखीतल्या निदान चार घरांत महागड्या कॉफीचे अर्धवट पुडे फ्रीजच्या दारात पडून आहेत. (फ्रीजच्या दारात कॉफी ठेवू नये, हे आधी सांगून टाकतो. लिंबाचं लोणचं आणि कालची आमटी यांचा वास कॉफी आनंदाने ओढून घेते.)

दादरच्या मावशीकडचीच गोष्ट घ्या. तिच्या मुलाने वांद्र्याच्या एका रोस्टरकडून, म्हणजे नव्या पद्धतीने कॉफी भाजून विकणाऱ्याकडून, पाव किलोचा पुडा आणला. पुड्यावर ‘फिल्टर रोस्ट’ असं स्पष्ट छापलेलं. मावशीने तो तिच्या पितळी फिल्टरमध्ये घातला, नेहमीसारखं दूध-साखर घालून प्यायली आणि म्हणाली, “अरे, ही नासलीय. आंबट लागतेय.” मुलगा म्हणाला, “आई, चव समजायला वेळ लागतो.” मला विचाराल तर चूक दोघांचीही होती, पण मुलाची जास्त.

पहिली जात म्हणजे माटुंग्याचं दुकान, ते तुम्हाला ठाऊक आहे. किंग्ज सर्कलवरून बाजाराकडे वळलं की आधी वास येतो, मग दुकान दिसतं. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या एकच संवाद चालतो: “अर्धं पीबी, अर्धं ए, वीस टक्के चिकोरी.” (पीबी आणि ए हे दाण्यांचे प्रकार, चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायचं भाजलेलं मूळ; त्यांच्याबद्दल पुढे.) यंत्रात घरघर होते आणि हातात कोमट पुडी येते. यावर आणखी काय लिहायचं?

दुसरी जात गेल्या दहा-बारा वर्षांतली. दिल्लीत 2013 मध्ये सुरू झालेलं ब्ल्यू टोकाई, वांद्र्याचं सबको, खारचं केसी रोस्टर्स, नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन. इथे पुड्यावर मळ्याचं नाव असतं, झाडाचा वाण असतो, फळावरची साल कशी काढली आणि दाणे कसे वाळवले ते असतं, शिवाय भाजल्याची तारीख. ‘स्पेशालिटी’ हा शब्दही दुकानाच्या सजावटीबद्दल नाही. प्रशिक्षित चाखणाऱ्यांनी कच्च्या मालाला 100 पैकी 80 किंवा जास्त गुण दिले, तर ती कॉफी स्पेशालिटी. भिंतीवर गोणपाट टांगून आणि पिवळे दिवे लावून ते गुण मिळत नाहीत. पाटीवर ‘रोस्टरी’ लिहिलेल्या काही कॅफेंत भाजायचं यंत्रच नसतं, माल दुसऱ्याकडून भाजून येतो. त्यात गैर काही नाही, पण मग तशी पाटी तरी लावू नये.

भाव, पुड्यांची नक्षी, गिऱ्हाईकांचं वय हे फरक डोळ्यांना दिसतात, ते सोडून देऊ. लोक अडतात ते ‘फिल्टर’पाशी.

माटुंग्यात फिल्टर म्हणजे भांडं. वर भोकांचा डबा, खाली साठवणीचा डबा, मध्ये दाबायची चकती. यात कागद नाही. पूड बारीक, पाणी उकळतं, आणि ते स्वतःच्या वजनाने पंधरा-वीस मिनिटं थेंबथेंब उतरतं. माझ्या घरी पंचवीस ग्रॅम पुडीला सव्वाशे मिली पाणी, म्हणजे एकास पाच. असा दाट काढा, म्हणजे डिकॉक्शन, नुसता प्यायचा नसतोच. त्यात दुप्पट-तिप्पट दूध पडणार हे आधीपासून ठरलेलं आहे. दाणे किती काळे भाजायचे, चिकोरी किती घालायची, पूड किती बारीक दळायची, हे सगळं त्या दुधाकडे बघूनच ठरतं.

वांद्र्याच्या रोस्टरकडे फिल्टर म्हणजे कागद. शंकूत कागद बसवायचा, पंधरा ग्रॅम भरड पूड घालायची, वरून धार धरत 240 ग्रॅम पाणी ओतायचं आणि तीन मिनिटांत काम संपवायचं. प्रमाण एकास सोळा. हा पेय म्हणून तयार झालेला कप आहे, त्यात काही मिसळायचं नाही. दाणे कमी भाजायचे, म्हणजे फळातला आंबटगोडपणा शिल्लक राहतो. संत्र्याची साल, जर्दाळू, गूळ असं जे पुड्यावर लिहिलेलं असतं ते याच कपात सापडतं, आणि तेही तो जरा निवल्यावर. रोस्टरच्या भाषेत ‘फिल्टर रोस्ट’ म्हणजे हे: हलकी भाजणी, काळी प्यायची.

आता हलकी भाजणी दुधात घातली की काय होतं ते बघा. कॉफीची चव झेलायचं काम दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश करतात. कडवटपणा ते गिळून टाकतात, म्हणून काळी भाजलेली कॉफी दुधात गोडसर, चॉकलेटी लागते. हलक्या भाजणीत गिळण्यासारखा कडवटपणाच कमी. तिथला नाजूक सुगंध दूध झाकून टाकतं आणि आंबटपणा तेवढा उघडा पडतो. दूध फाटत नाही, पण फाटायला आल्यासारखं लागतं. मावशीची जीभ अगदी बरोबर होती. त्यात आणखी एक भर: कमी भाजलेला दाणा घट्ट असतो, त्यातला अर्क पाण्यात सहज उतरत नाही. काळा भाजलेला दाणा फुगून सच्छिद्र होतो, तो लगेच विरघळायला तयार. त्यामुळे पितळी फिल्टरमध्ये हलक्या भाजणीचं डिकॉक्शन पातळही निघतं. पातळ आणि आंबट, म्हणजे दोन्हीकडून मार.

चिकोरीबद्दल इथेच बोलून घेतो, कारण नव्या दुकानांत ती शिवीसारखी उच्चारली जाते. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे. तिच्यात कॅफीन नाही, सुगंध बेताचाच, पण ती पाण्यात भराभर विरघळते आणि डिकॉक्शनला रंग, दाटपणा आणि किंचित गोडी देते. काढ्यात दूध घालायचं असेल तर वीस टक्के चिकोरी हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. चाळीस टक्के मात्र काटकसर. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी आणि प्रमाण पुड्यावर छापावं लागतं; बाजारातले काही पुडे वाचून बघा, हसू येईल. कागदी शंकूत मात्र चिकोरी घालू नका. बारीक पूड आणि चिकोरी मिळून कागद चोंदतो, पाणी वर तळ्यासारखं साचतं आणि दहा मिनिटांनी खाली उतरतं ते कडू पाणी.

आता खरा सापळा. रोस्टरच्या काउंटरवर पोरगा विचारतो, “दळून देऊ? कशासाठी?” तुम्ही म्हणता, “फिल्टर.” तो कागदासाठी भरड दळतो आणि तुमचं पाणी पितळी फिल्टरमधून नळासारखं वाहून जातं. एकदा फसलेला शहाणा माणूस पुढच्या वेळी “साउथ इंडियन फिल्टर” म्हणतो. ऑनलाइन मागवतानाही तसा पर्याय असतो, तो निवडतो आणि निश्चिंत होतो. कॉफी तरीही आंबटच लागते. कारण त्याने बदललं ते दळण; भाजणी तीच राहिली. दळणाने अर्क किती वेगाने उतरेल ते ठरतं, पण दाण्यात काय आहे ते भाजणीने आधीच ठरवलेलं असतं. ज्वारी कितीही बारीक दळली तरी तिची पुरणपोळी होणार नाही. हलक्या भाजणीचा पुडा पितळी फिल्टरसाठी दळून मागणं हे तसंच आहे, आणि पुष्कळ दुकानं काही न बोलता दळूनही देतात. माझा राग त्यांच्यावर आहे. “दूध घालणार का?” हा एक प्रश्न विचारायला काय जातं?

तेव्हा रोस्टरकडे गेलात तर ‘फिल्टर’ शब्द वापरूच नका. “दुधातली कॉफी करायची आहे, पितळी फिल्टर आहे, काळी भाजलेली द्या” असं सांगा. ते एस्प्रेसोसाठीची किंवा सगळ्यात गडद भाजणीची कॉफी देतील. चिकोरी नसल्यामुळे पूड थोडी जास्त घाला. मी स्वतः अशा वेळी मॉन्सून्ड मलबार घेतो. पावसाळ्यात मंगळुरूच्या बाजूला दमट वाऱ्यात फुगवलेले हे दाणे, त्यांचा आंबटपणा वाऱ्यानेच मारलेला असतो. दुधाशी त्यांचं छान जमतं. उलट, माटुंग्यात जाऊन कागदासाठी हलकी भाजणी मागू नका. तिथला काका तुमच्याकडे बघेल आणि त्याचं बघणं योग्य असेल.

ताजेपणाचा नियमही दोन्हीकडे उलटा आहे. कोमट पुडी घरी नेली की पंधरा दिवसांत संपवायची. हलके भाजलेले अख्खे दाणे मात्र आठ-दहा दिवस मुरू द्यावे लागतात. आतला वायू निघून गेला नाही तर पाणी नीट भिनत नाही.

आणि माटुंग्यातलं ते ‘ए’, म्हणजे ‘प्लांटेशन ए’. यातला ‘ए’ म्हणजे पहिला नंबर नव्हे. चाळणीवर दाणा किती मोठा राहिला त्याचं ते माप आहे, आणि ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल दाणा निघाला तर. तो कुठल्याही झाडावर निघतो, ती वेगळी जात नाही. मापावरून चव सांगणारे लोक मला आंब्याच्या पेटीवरचा आकडा बघून हापूस ओळखणाऱ्यांसारखे वाटतात. आंब्यावरून आठवलं: रोस्टरच्या पुड्यावर ‘रत्नागिरी इस्टेट’ दिसलं म्हणून आपल्या कोकणातली कॉफी असं सांगत मित्रांना वाटू नका. तो मळा कर्नाटकात बाबाबुडनगिरीच्या डोंगरात आहे. महाराष्ट्रातली कॉफी हवीच असेल तर चिखलदऱ्याला जावं लागेल.