मॉरिशसने रेशनचे तेल बदलले तेव्हा

१९८७ मध्ये मॉरिशस सरकारने सवलतीच्या दरात मिळणाऱ्या रेशनच्या तेलात काय असावे याचा नियम बदलला. तोवर या तेलात साधारण तीन भाग पामतेल आणि एक भाग सोयाबीन तेल असे. नव्या नियमाने पामतेल काढून त्या जागी सोयाबीन तेल आणले. लोकांचे दुकान तेच राहिले आणि घरच्या भाज्या-आमट्याही त्याच राहिल्या. १९९२ मध्ये तिथल्या प्रौढांची पुन्हा रक्ततपासणी झाली, तेव्हा सरासरी एकूण कोलेस्टेरॉल लिटरला ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर आले होते. आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टप्रमाणे सांगायचे तर २१३ वरून सुमारे १८२ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर. अख्ख्या देशाची सरासरी पाच वर्षांत तीस अंकांनी उतरते, असे फार क्वचित घडते.

हे मॉरिशसमध्ये जमले त्याला भूगोलही कारण आहे. बेटाची शेतजमीन मुख्यतः उसाखाली, आणि तेलबिया जवळजवळ नाहीतच. स्वयंपाकाचे तेल किंवा त्याचा कच्चा माल बोटीने येतो. त्यावेळी लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. लोकांच्या ताटात येणारे तेल इतक्या थोड्या वाटांनी येत असेल, तर एका सरकारी आदेशाचा परिणाम घराघरांत पोचतो. मोठ्या देशात, जिथे शंभर ठिकाणी घाणे आणि हजार ठिकाणी सुटे तेल मिळते, तिथे हे इतके सोपे नाही.

आता आकडेमोड. ती कुणालाही करता येते आणि करून पाहण्यासारखी आहे. पामतेलात संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्ले, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, सुमारे ५० टक्के असतात, त्यातले बहुतेक पामिटिक आम्ल. सोयाबीन तेलात ती १५ टक्के. म्हणजे ७५-२५ च्या जुन्या मिश्रणात संपृक्त भाग सुमारे ४१ टक्के होता, तो १५ वर आला. कोलेस्टेरॉल उतरवणारी बहुअसंपृक्त (पॉलीअनसॅच्युरेटेड) मेदाम्ले (मुख्यतः लिनोलेइक) पामतेलात १० टक्के आणि सोयाबीनमध्ये ६१ टक्के, म्हणजे मिश्रणातल्या २३ वरून थेट ६१ वर. समजा एक माणूस दिवसाला ३० ग्रॅम तेल खातो आणि त्याचा एकूण आहार २००० किलोकॅलरींचा आहे. तेलाच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. मग संपृक्त मेद ७.८ ग्रॅमने घटला, म्हणजे ७० किलोकॅलरी, म्हणजे आहाराच्या ३.५ टक्के. बहुअसंपृक्त मेद ११.४ ग्रॅमने, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढला.

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५०च्या दशकात मांडलेले, आहारातल्या मेदावरून कोलेस्टेरॉलचा अंदाज देणारे समीकरण इथे लावता येते. संपृक्त मेदातली घट (टक्के) दुप्पट करा, त्यात बहुअसंपृक्तातली वाढ मिळवा आणि १.३५ ने गुणा. उत्तर येते सुमारे १६ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर. प्रत्यक्षातली घट तीस-एकतीसची होती. म्हणजे साधारण निम्म्या घटीचा उलगडा तेलाने होतो. संशोधकांच्या हिशेबातही तेल बदलल्याचा वाटा याच्या आसपासच आला.

उरलेल्या निम्म्याचे काय? ठाम उत्तर देता येत नाही, कारण तुलनेसाठी तेल न बदललेले दुसरे मॉरिशस नव्हते. त्याच काळात आरोग्य मोहीमही चालू होती. सिगारेट ओढणारे पुरुष ५८ टक्क्यांवरून ४७ वर आले आणि अति मद्यपान करणारे ३८ वरून १४ वर. दुसरीकडे लठ्ठपणा मात्र वाढला. वजन वाढले की कोलेस्टेरॉल सहसा वर जाते, म्हणून ही घट आमच्या मते अधिक बोलकी आहे. आणि तेल कोणतेही घ्या, कॅलरी तेवढ्याच. तेल बदलून पोट कमी होत नाही, मधुमेहही टळत नाही.

शरीरात घडते ते असे. यकृताच्या पेशींवर एलडीएल कण (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, ‘वाईट’ म्हटले जाणारे) रक्तातून उचलणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. पामिटिकसारखी संपृक्त मेदाम्ले जास्त झाली की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. लिनोलेइक आम्ल वाढले की ते पुन्हा जोमाने उचलले जाते.

पण सोयाबीन तेलाला एक खोट आहे आणि ती तळणाच्या कढईत दिसते. मॉरिशसच्या रस्त्यारस्त्यावर मिळणारे गातो पिमां हे डाळ भिजवून, वाटून, मिरची-कोथिंबीर घालून तळलेले छोटे वडे. ते एका तेलात दिवसभर निघतात. सोयाबीनमधल्या ७ टक्के लिनोलेनिक आम्लाला तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन अशाच जागी हल्ला करतो. त्यामुळे हे आम्ल एकच दुहेरी बंध असलेल्या ओलेइक आम्लापेक्षा कितीतरी पटींनी लवकर खराब होते. तेल काळवंडते, वडा सोडला की बारीक फेस येतो आणि तो बसत नाही, कढईच्या काठावर चिकट पिवळा थर धरतो, धूर आधीपेक्षा कमी तापमानाला निघतो. तळताना १७० ते १८० अंश पुरेत. तळलेला चुरा झाऱ्याने लगेच काढावा, नाहीतर तो जळून तेलाला आणखी बिघडवतो. मीठ तेलावर भुरभुरू नये. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नये, कारण या धातूंचे अंश ऑक्सिडीकरणाला चालना देतात. आणि जुन्या तेलात नवे ओतून ‘ताजे’ करू नये, नवेही लवकर बिघडते. भारतात तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगे (तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, हा नियम २०१८ पासून आहे.

या अडचणीवर उद्योगाने एकेकाळी काढलेला सोपा उपाय म्हणजे सोयाबीन तेलात हायड्रोजन मिसळून ते टिकाऊ करणे. त्यातून ट्रान्स मेद तयार होतात आणि ते संपृक्त मेदापेक्षाही घातक. म्हणून तेल बदलताना ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द असलेला डबा घेऊ नये, तो सोयाबीनचा असला तरी.

महाराष्ट्राला हा हिशेब परका नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ आणि साखर यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. दुसरीकडे लातूर आणि विदर्भाचा शेतकरी सोयाबीनच्या भावासाठी झगडतो. पामतेल स्वस्त पडते, तळणात टिकते, त्यामुळे ते निवडले जाते, हे समजण्यासारखे आहे. पण समजा रेशनवर महिन्याला एक लिटर तेल मिळाले आणि ते चार माणसांत वाटले, तर दरडोई रोजचे जेमतेम साडेसात ग्रॅम होते. मॉरिशसच्या ३० ग्रॅमच्या हिशेबात ही पाव मात्रा. तेव्हा नुसते रेशनचे तेल बदलून तेवढाच परिणाम दिसणार नाही. उरलेले तेल बाजारातून येते, आणि फरसाण-बिस्किटांच्या पाकिटातूनही. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत ‘पामोलिन’ किंवा ‘पाम तेल’ लिहिलेले असते, आणि सुरुवातीला असेल तर त्याचे प्रमाण जास्त असते.