नवा प्रोसेसर बसवल्यावर पीसी अडखळतोय? रॅम विकत घेण्याआधी हे वाचा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पहिल्या पिढीचा रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळे २०१७-१८ मध्ये रायझन ५ १६०० वर जोडलेले बरेच पीसी सध्या आमच्याकडे प्रोसेसर बदलायला येतात. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त नवा रायझन ५६०० किंवा ५७००एक्स टाकायचा. एएम४ सॉकेटची (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ही मोठी सोय. बहुतेक पीसी संध्याकाळपर्यंत घरी जातात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. काहींचा मात्र आठवड्याभरात फोन येतो: निळी स्क्रीन येते, ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडतात, झिप उघडताना फाइल करप्ट दाखवतो.

सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "रॅम गेली का?" बहुतेक वेळा गेलेली नसते.

रॅम सांभाळणारा कंट्रोलर मदरबोर्डवर नसतो, तो प्रोसेसरच्या पोटात असतो. १६०० चा कंट्रोलर अधिकृतपणे रॅमच्या २६६६ वेगापर्यंतच, ५६०० चा ३२०० पर्यंत. त्यामुळे पाकिटावर ३२०० छापलेली तुमची रॅम इतकी वर्षं २१३३ किंवा २४०० वर निवांत चालत असण्याची शक्यता बरीच आहे. नव्या प्रोसेसरसोबत एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं की ती पहिल्यांदाच १.३५ व्होल्टवर पूर्ण वेगाने पळते, आणि आजवर झाकलेली कमजोरी तेव्हा उघडी पडते.

लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगतो, कारण त्यात चूक आमचीच होती. त्यांच्या पीसीत रॅमच्या चार स्टिक (पट्ट्या) होत्या, दोन जुन्या आणि दोन नंतर घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या. आम्ही सवयीने एक्सएमपी ३२०० वर लावून पीसी दिला. दिवसभर ठीक चालायचा, पण रात्री अल्बमची पानं एक्स्पोर्ट करताना बंद पडायचा. या प्रोसेसरची ३२०० ची मर्यादा दोन स्टिकसाठी आहे. चारही स्लॉट भरले की ती २९३३ वर येते, आणि स्टिक ड्युअल रँक (मेमरी चिपचे दोन गट असलेल्या) असतील तर २६६६ वर. आम्ही वेग २६६६ वर आणला आणि तक्रार संपली. अल्बमच्या कामात त्यांना फरक जाणवलासुद्धा नाही.

म्हणून घरी आधी एवढंच करा. पीसी चालू होताना डिलीट (काही बोर्डांवर एफ२) दाबून बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगच्या मेनूत) जा आणि एक्सएमपी बंद करा. असूसच्या बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर ए-एक्सएमपी. सेव्ह करून दोन दिवस नेहमीचं काम करा. त्रास थांबला तर प्रश्न सेटिंगचा आहे, खिशात हात घालायची गरज नाही. मग एक्सएमपी परत लावून फक्त वेग एक पायरी खाली ठेवा. व्होल्टेज मात्र व्हिडिओ बघून वाढवू नका. त्यातून बिघडलेले पीसीही आमच्याकडे येतात.

एक्सएमपी बंद करूनही निळी स्क्रीन येत असेल, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा. इथे ३५ टक्क्यांना पास नाही, एक एरर आली तरी नापास. मग एकेक स्टिक वेगळी तपासा, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. एकच स्टिक दर वेळी एरर देत असेल तर ती खरोखर गेली. बिल शोधा, बऱ्याच कंपन्या रॅमला आयुष्यभराची वॉरंटी देतात.

सगळ्याच स्टिक एरर देत असतील, किंवा १६ जीबी लावून विंडोज ८ जीबीच वापरत असेल, तर संशय रॅमवरून काढा. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाखाली असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट सुकून चिकटलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. कूलरचा एक स्क्रू जास्त आवळला गेला तरी कधीकधी रॅमचं एक चॅनल (प्रोसेसरकडे जाणारी वाट) गायब होतं. हे घरी उघडून बघू नका, तसंच घेऊन या. (ज्यांना स्वतःच कूलर काढायचाय त्यांनी आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून, प्लग काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत सोडवावा.)

बायोस अपडेट आम्ही प्रोसेसर बदलण्याआधीच करतो. घरी करणार असाल तर यूपीएस हवाच. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर बोर्ड उठेलच असं नाही. अपडेटनंतर सगळी सेटिंग्ज मूळपदावर येतात, एक्सएमपीही बंद होतं, म्हणून "नवा प्रोसेसर लावूनही रॅम २४०० च दाखवते" हा बिघाड समजू नका.

पीसी दुकानात आणण्याआधी एक काम मात्र नक्की करा. प्रोसेसर बदलला की त्यातला एफटीपीएमही (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) बदलतो, आणि बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. कागदावर लिहून ठेवा. ती आमच्याकडे नसते आणि तिच्याशिवाय ड्राइव्हमधले फोटो आम्हालाही काढता येत नाहीत.

फोन करताना निळ्या स्क्रीनचा किंवा मेमटेस्टचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आमच्याकडे प्रोसेसर बसवल्यापासून ३० दिवस ही तपासणी मोफत आहे.