स्प्रिंगबर्न येथील रेल्वे कारखाने व लोको शेड

स्प्रिंगबर्न ही स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या उत्तर भागातील जुनी कामगार वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचे पोट रेल्वे इंजिनांवर चालले. रेल्वे कंपन्यांची स्वतःची वर्कशॉप, परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंजिने बांधणारे खासगी कारखाने आणि रोजच्या धावत्या इंजिनांची शेड, हे सारे येथे चालत जाता येईल इतक्या अंतरात होते.

एडिंबरो–ग्लासगो लोहमार्ग १८४२ मध्ये सुरू झाला. वाटेत फोर्थ–क्लाइड कालवा आडवा येत होता आणि कालव्यावरून पूल नेण्यास कालवा कंपनीचा विरोध होता. रूळ कालव्याखालून न्यावे लागले. त्यामुळे क्वीन स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडताच गाडीला बोगद्यातून सुमारे अडीच किलोमीटरचा खडा चढ चढावा लागे; साधारण ४२ फुटांना १ फूट. हाच काउलेअर्सचा चढ. माथ्यावर एक स्थिर वाफेचे यंत्र बसवून दोराने गाड्या वर ओढल्या जात. १८४४ मध्ये ‘हर्क्युलिस’ आणि ‘सॅमसन’ ही दोन दणकट इंजिने त्याऐवजी लावून पाहिली. त्यांच्या वजनाने रूळ आणि धुराड्याच्या झोताने बोगद्याचे अस्तर खराब होऊ लागले, तेव्हा दोरच परत आला आणि १९०८ पर्यंत टिकला. वर जाताना माथ्याशी पोहोचलेल्या चालत्या गाडीचा दोर सोडवला जाई. खाली येताना माथ्यावरच इंजिन काढून घेत, खास ब्रेकचे डबे जोडत आणि गाडी निव्वळ उताराच्या जोरावर, ब्रेकवाल्यांच्या भरवशावर स्थानकात उतरे.

या चढाच्या माथ्याशीच, १८४१ च्या सुमारास, काउलेअर्स वर्कशॉप उभे राहिले. पुढे ते नॉर्थ ब्रिटिश रेल्वेकडे गेले. प्रतिस्पर्धी कॅलेडोनियन रेल्वेने १८५६ मध्ये आपले वर्कशॉप ग्रीनॉकहून जवळच्या सेंट रोलॉक्स येथे हलवले. कामगारांच्या तोंडी ते ‘द कॅली’. रोलॉक्स हा संत रोक या नावाचा अपभ्रंश. प्लेगपासून राखणारा म्हणून ज्याला लोक भजत, तो हा संत.

खासगी कारखान्यांची कथा भाऊबंदकीसारखी आहे. नीलसन कंपनी १८६१ मध्ये शहरातील हाइड पार्क स्ट्रीटवरून येथे आली, पण कारखान्याचे नाव ‘हाइड पार्क’च राहिले. संस्थापक घराण्यातील वॉल्टर नीलसन यांना १८७० च्या दशकात भागीदार जेम्स रीड यांच्यामुळे बाहेर पडावे लागले. त्यांनी १८८४ मध्ये स्प्रिंगबर्नमध्येच क्लाइड लोकोमोटिव्ह कंपनी काढली. ती चालली नाही. १८८८ मध्ये मँचेस्टरच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने ती जागा घेतली आणि आपल्या ‘अ‍ॅटलस’ या नावासह तेथे बस्तान बसवले. १९०३ मध्ये नीलसन रीड (पूर्वीची नीलसन कंपनी), शार्प स्टुअर्ट आणि शहराच्या दक्षिणेकडील डुब्ज या तिघांची मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली. इंजिन बांधणारी ही युरोपातील सर्वांत मोठी कंपनी. तिचा नॉर्थ ब्रिटिश रेल्वेशी नावापलीकडे संबंध नाही, तरी दोन्हींची गल्लत वारंवार होते. जुन्या इंजिनावरील पितळी पाटी पाहिली की जन्मस्थान कळते: गोल पाटी हाइड पार्कची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची डुब्जच्या क्वीन्स पार्क कारखान्याची.

भारताशी नाते याच कारखान्यांमुळे जुळले. दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेची ‘बी’ वर्गातील पहिली इंजिने १८८९ मध्ये शार्प स्टुअर्टने बांधली. स्वातंत्र्यानंतर भारतीय ब्रॉडगेजवर मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी वर्गाची पहिली मोठी ऑर्डरही ग्लासगोलाच गेली. (१८५३ च्या मुंबई–ठाणे गाडीची इंजिने मात्र येथली नव्हेत, ती इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची.) परदेशी जाणारी इंजिने अवजड ट्रेलरवर चढवून रस्त्याने क्लाइड नदीवरील गोदीपर्यंत नेत. तेथे फिनिस्टनची १७५ टनी क्रेन त्यांना उचलून जहाजात ठेवी.

धावत्या इंजिनांसाठी दोन मोठी शेड होती. नॉर्थ ब्रिटिश रेल्वेचे ईस्टफील्ड १९०४ मध्ये, तर कॅलेडोनियनचे सेंट रोलॉक्स शेड १९१६ मध्ये सुरू झाले. दुसरे बालॉर्नक या नावानेच अधिक ओळखले जाई. पुढे राष्ट्रीयीकृत ब्रिटिश रेल्वेच्या काळात त्यांचे संकेतांक अनुक्रमे ६५ए आणि ६५बी होते. शेडमधले काम वर्कशॉपपेक्षा वेगळे आणि अधिक मळकट: फेरी संपवून आलेल्या इंजिनाची आग पाडायची, राख काढायची, धुराड्याखालची काजळी फावड्याने ओढायची, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या, कोळसा-पाणी भरून पुन्हा पेटवायचे. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला कित्येक तास लागत, म्हणून शेडला रात्र अशी नसेच. १९६६ अखेर दोन्हीकडची वाफ संपली.

डिझेलने स्प्रिंगबर्नला हात दिला नाही. नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हने जर्मन परवान्यावर मान कंपनीची डिझेल यंत्रे बांधली आणि ती सतत बिघडत राहिली. कंपनीचे ५८ डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांचे कुटुंब अखेर स्कॉटलंडमध्ये, कारखान्याच्या दारातल्या ईस्टफील्डला आणून ठेवावे लागले. त्यांतील २० इंजिनांत पुढे दुसऱ्या कंपनीची यंत्रे बसवली. तोवर, १९६२ मध्येच, कंपनी बुडाली होती. दोष एकट्या जर्मन यंत्रांचा मानणे सोयीचे असले तरी पुरे नाही. जगाने वाफ सोडायला घेतली तेव्हाही या कंपनीचा जीव वाफेतच अडकलेला होता.

काउलेअर्स १९६८ मध्ये बंद झाले. सेंट रोलॉक्स वर्कशॉपमध्ये डब्यांची दुरुस्ती २०१९ पर्यंत चालली. फ्लेमिंग्टन स्ट्रीटवरील नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्हची १९०९ ची मुख्य कचेरी उभी आहे; तिच्या दारावर दगडात कोरलेले इंजिन थेट समोरून अंगावर आल्यासारखे दिसते. ईस्टफील्डच्या डिझेल इंजिनांवर १९८० च्या दशकात पांढऱ्या वेस्ट हायलँड टेरियर कुत्र्याचे चित्र असे. ते शेड १९९२ मध्ये बंद झाले, आणि त्याच जागी या शतकाच्या पहिल्या दशकात प्रवासी गाड्यांसाठी लहान डेपो पुन्हा सुरू झाला.