पॉलिश उतरवतं, वॅक्स चढतं

"गाडीला परवाच वॅक्स मारलं, तरी उन्हात ती बारीक ओरखड्यांची जाळी दिसतेच आहे. वॅक्स बोगस निघालं." नाहीतर याच्या उलट: "पॉलिश करून महिना झाला नाही तोवर पत्र्यावर पाण्याचे मोती होणं बंद. पॉलिश उतरलं वाटतं."

ही दोन वाक्यं ऐकून माझे कान किटले आहेत. वॅक्स बोगस नव्हतं. ओरखडे काढणं हे त्याचं कामच नाही. आणि पॉलिश उतरलं नाही, कारण ते मुळात चढलंच नव्हतं. पॉलिशचा गाडीवर थर बसत नाही. उलट गाडीवरचाच एक थर ते घेऊन जातं.

दोष शब्दाचा आहे हे कबूल करायला हवं. बुटाला पॉलिश करतो तेव्हा आपण काहीतरी चढवतो. नेलपॉलिशही चढवतो. पण फरशीला पॉलिश करतात तेव्हा मशीन घरघर फिरतं, पांढरा राडा निघतो आणि फरशी घासून घासून गुळगुळीत होते. हिऱ्याचं पॉलिश तसंच. सुतार ज्याला 'पॉलिश पेपर' म्हणतो तो तर सरळसरळ खरकागद. म्हणजे एकच शब्द, दोन उलट कामं. गाडीचं पॉलिश फरशीच्या जातीचं आहे आणि लोक त्याला बुटाच्या जातीचं समजतात. त्यात गंमत अशी की डबीतल्या बुटाच्या पॉलिशमधून बुटावर उरतं ते मुख्यतः मेणच, म्हणजे वॅक्स!

वॅक्स तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. गाडी धुऊन कोरडी करायची, सावलीत, पत्रा थंड असताना वॅक्सचा पातळ हात द्यायचा, पांढुरकं होऊ द्यायचं, बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरने पुसायचं. जाड लावून काही फायदा नाही, जास्तीचं सगळं फडक्यातच जातं. रंगावर राहतो तो अगदी पातळ थर. तो पाणी झटकतो, पक्ष्यांच्या विष्ठेला आणि धुळीला थेट रंगाशी भिडू देत नाही, आणि काही आठवड्यांत किंवा फार तर दोन-तीन महिन्यांत झिजून जातो. झिजण्यासाठीच तो असतो. पुन्हा लावा. दहा वर्षं लावत राहिलात तरी रंगाचं काही बिघडणार नाही. सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग याच घरातले थोरले भाऊ: जास्त टिकतात, पण काम तेच, वर बसून राहायचं.

डबीवर '१०० टक्के कार्नोबा' असं वाचून भारावून जाणाऱ्यांसाठी एक टीप. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं आणि शुद्ध स्वरूपात इतकं कडक असतं की बोटाने उचलून गाडीला फासता येणारच नाही. बोटाला लागतंय म्हणजे त्यात तेलं, सॉल्व्हंट, दुसरी मेणं आहेत. असू देत, त्यात गैर काही नाही. पण मग तो आकडा कशाचा, हे विचारायला हवं.

आता पॉलिश. इथे जरा थांबू या.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा एक केस सत्तरेक मायक्रॉन धरा, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चकाकी केसापेक्षा बारीक पापुद्र्यात राहते. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्याच पापुद्र्यात असतात. आणि तो परत वाढत नाही. नख कापलं तर उगवतं, क्लिअर कोट उगवत नाही.

ओरखडा म्हणजे या पापुद्र्यात पडलेली बारीक चर. सपाट पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, चरीच्या कडा तो भलतीकडे उधळतात, म्हणून ती रेघ चमकते. रात्री गाडी धुऊन कोरडी करा आणि बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाशाभोवती कोळ्याचं जाळं दिसेल, गोल गोल. आता टॉर्च हातभर सरकवा. जाळंही सरकतं! म्हणजे ओरखडे गोल नाहीतच. ते सगळ्या दिशांना पसरलेले आहेत. प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. 'गोल हात फिरवू नका, गोल ओरखडे पडतात' हा सल्ला देणाऱ्याने कधी टॉर्च सरकवून पाहिलेला नसतो. सरळ हात फिरवलात तरी धूळ फडक्याखाली असली की ओरखडा पडणारच.

तर ही चर घालवायची कशी? दोन मार्ग. एक, ती भरायची. दुसरा, आजूबाजूची जमीनच चरीच्या तळापर्यंत खाली आणायची. पॉलिश दुसरं काम करतं. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिबारीक कठीण कण असतात. पॅडखाली ते क्लिअर कोट घासून खाली आणतात. चर कुठे गेली? कुठेच नाही, तिच्या दोन्ही बाजूच्या भिंती गेल्या. रबिंग किंवा कंपाउंड म्हणतात तेही हेच, फक्त जास्त खाणारं. कंपाउंड आणि पॉलिश यांतला फरक खरकागदाच्या दोन नंबरांमधल्या फरकासारखा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वॅक्स पहिलं काम करतं, तेही अर्धवट. दुधी काच खरखरीत बाजूने ओली केली की एकदम आरपार दिसायला लागते, हे तुम्ही पाहिलं असेल. काच बदललेली नसते, खाचांमध्ये हवेच्या जागी पाणी बसलेलं असतं आणि प्रकाश कमी उधळतो. वॅक्स चरीत बसतं तेव्हा हेच होतं. बारीक ओरखडे झाकले जातात, गाडी तृप्त दिसते. चार धुण्यांनंतर मेण निघालं की जाळी जिथल्या तिथे. मग माणूस म्हणतो, ओरखडे परत आले. अहो, गेले कुठे होते?

आता या सगळ्यातला घातक भाग. वॅक्सला पॉलिश समजलात तर फार फार तर निराशा पदरी पडते. पॉलिशला वॅक्स समजलात तर गाडी जाते.

माझ्या मावसभावाने हेच केलं. काळी गाडी, जिवापाड जपलेली. 'वॅक्स दर दोन महिन्यांनी' हा नियम त्याने कुठेतरी वाचला आणि पॉलिशच्या बाटलीला लावला. वर हौसेने रोटरी मशीन घेतलं, म्हणजे पॅड एकाच अक्षावर गरगर फिरवणारं. त्याचा हिशेब मांडून पाहा. मशीनवर बारीक पॉलिशचा एक फेरा साधारण एक मायक्रॉन नेतो, कधी त्याहून कमी. कंपाउंड दोन-चार मायक्रॉन सहज नेतं. वर्षाला सहा वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन फेरे. केसाहून बारीक पापुद्र्याला हे किती वर्षं पुरणार? त्यात कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, आणि मशीनचा सगळा दाब, सगळी उष्णता नेमकी तिथेच एकवटते. तिसऱ्या वर्षी बॉनेटच्या पुढच्या घडीवर बोटभर रुंदीचा मंद, पांढुरका डाग उमटला. तो म्हणाला, "दादा, इथलं पॉलिश कमी पडलंय, जरा जास्त मारतो." मी हात धरला त्याचा. तिथे क्लिअर कोट संपला होता. खाली उघडा रंग, ज्याला स्वतःची चमक नाही. त्यावर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही, नवा रंग मारून घ्यावा लागतो.

म्हणून नियम साधा आहे: वॅक्स वेळेवर, पॉलिश गरजेवर. टॉर्चखाली ओरखडे सहन होईनासे झाले तरच पॉलिश. तेही आधी हातभर जागेवर, सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन. तेवढ्याने भागलं तर पुढच्या नंबरला हात लावायचा नाही. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशचा विषयच नाही. त्याचा तळ गाठायला निघालात तर क्लिअर कोट संपेल आणि ओरखडा राहील. हौशी माणसाने रोटरीच्या वाटेला जाऊ नये, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता इकडेतिकडे हलवणारं) घ्यावं, आणि कडांवर मास्किंग टेप लावावी. रोटरी वाईट नाही, पण एका जागी चार सेकंद रेंगाळली तर ती माफ करत नाही.

एक अपवाद माहीत असू द्या. जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग असतो. तिथे पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग येतो. घाबरू नका, ते अपेक्षित आहे. नव्या गाडीवर रंग आला तर मात्र हात तिथेच थांबवा.

बाटल्यांवरची नावं हा गोंधळ आणखी वाढवतात. 'पॉलिश वॅक्स', 'क्लीनर वॅक्स', 'थ्री इन वन' अशा बाटल्यांमध्ये दोन्ही असतं, थोडे कण आणि थोडं मेण. मला हा प्रकार आवडत नाही. घासणाऱ्याने घासावं, झाकणाऱ्याने झाकावं. शिवाय ही बाटली 'वॅक्स' म्हणून महिन्या-महिन्याला वापरली की मावसभावाचीच गोष्ट सावकाश घडते. वर्षातून एकदा, आळसाच्या दिवशी, ठीक. ओळखायचं कसं? लेबलवर कट, स्वर्ल (म्हणजे तीच ओरखड्यांची जाळी), स्क्रॅच रिमूव्हर, क्लीनर यांपैकी काही लिहिलं असेल तर ते काढणारं आहे असं धरून चाला. नुसतं प्रोटेक्शन किंवा सीलंट असेल तर चढणारं. शंका असेल तर जुन्या, टाकाऊ सीडीच्या चकचकीत बाजूवर थेंबभर घेऊन जोर लावून घासा आणि पुसून उजेडात तिरकं धरा. बारीक रेघा किंवा धूसरपणा आला तर बाटलीत कण आहेत. चिमटीत चोळून कळतं म्हणतात त्यावर विसंबू नका, हल्लीचे कण बोटाला लागत नाहीत.

आणि गाडी पॉलिश करून परत आली, आरशासारखी दिसते, म्हणून लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधली तेलंही चरीत बसून ओरखडे झाकतात, वर दोन दिवस पाण्याचे मोतीही दाखवतात. मी एकदा बाहेरून काम करून घेतलं होतं. गाडी घेताना डोळे दिपले, तिसऱ्या धुण्याला जाळी हजर. तेव्हापासून पॉलिशनंतर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून एक पॅनल पुसतो आणि टॉर्च मारतो. तेल निघाल्यावर जे दिसतं तेच खरं काम. वॅक्स चढवायचं ते त्यानंतर. आधी वॅक्स आणि मग पॉलिश असा क्रम लावणारेही भेटतात. त्यांचं वॅक्स पॅडमध्ये जातं, पॅड चिकट होतं, आणि वर उघडी गाडी उरते.

बाकीचे फरक किरकोळ. पॉलिश लहान लहान चौकोनांत करतात, वॅक्स अख्ख्या पॅनलवर चालतं. वॅक्स काळ्या प्लॅस्टिकवर सांडलं की पांढरे डाग राहतात आणि ते काढताना आठवडा जातो, म्हणून तिथेही टेप. डॅशबोर्डचं 'पॉलिश' हे नावाचंच पॉलिश, ते चढणारं असतं. ते स्टिअरिंगला आणि पेडलला फासणाऱ्यांशी मी बोलत नाही, वळणावर हात सुटला किंवा ब्रेकवरून पाय घसरला की त्यांना कळेल.

जाळी पडूच नये असं वाटत असेल तर सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणं आधी बंद करा. रात्रभराची धूळ म्हणजे बारीक खडीच. तिच्यावर कोरडा फडका दाबून फिरवणं हे पॉलिश पेपर मारण्यासारखंच आहे, फक्त नंबर न बघता. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग दोन बादल्या, एकीत शांपू आणि दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा प्रत्येक वेळी दुसरीत खळबळून मगच पहिलीत. धुतल्यानंतरही पत्रा हाताला खरखरीत लागत असेल तर पॉलिशआधी क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, भरपूर ओलं करून.

मॅट रंगाच्या गाडीला मात्र यातलं काहीच लावू नका. पॉलिशने ती जागोजागी चमकायला लागते आणि तो चट्टा परत मॅट करता येत नाही. साधं वॅक्सही तिच्यावर डाग धरतं. तिची वेगळी शांपू-सीलंट मिळतात, तेवढीच वापरा.