‘जा लागते’ हिंदीतून आलं का?

‘मले वावरात जा लागते’ हे वऱ्हाडी वाक्य म्हणजे हिंदीच्या संगतीनं बिघडलेलं मराठी, असं वारंवार सांगितलं जातं.

आधी हिंदीत सक्ती कशी सांगतात ते पाहा: ‘जाना पडता है’. तिथं ‘जाने लगा’ म्हणजे जाऊ लागला, त्यात सक्ती नाही. सक्तीसाठी ‘लागणे’ मराठीच वापरते. प्रमाण ‘जावे लागते’, वऱ्हाडी ‘जा लागते’. ‘मला’च्या जागी ‘मले’. फरक एवढाच.

‘पाहिजे’शी मात्र गल्लत नको. खात्री करायची तर वाक्य भूतकाळात न्या. ‘काल निंदा लागलं’ म्हणजे निंदण, तण काढायचं काम, झालं, मनात असो-नसो. ‘निंदाले पाहिजे होतं’ म्हटलं की बहुधा तण अजून उभंच. मजुरीचा हिशेब करताना हे नीट ऐकावं.