गायतोंडे, वासुदेव संतू

(२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१). भारतीय अमूर्त चित्रकार. जन्म नागपूरचा, घराणे मूळचे गोव्याचे, बालपण गिरगावातल्या चाळीत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९४८ साली पदविका. १९५० मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या गटाने त्यांना आपल्यात घेतले. पण गटात राहून गटाचे न होणे हा त्यांचा स्वभावच होता.

सुरुवातीच्या चित्रांत आकृती आहेत. त्यांवर बसोहली या पहाडी शैलीतल्या लघुचित्रांची आणि स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्ले यांची छाया दिसते. पुढे आकृती विरत गेल्या. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले, तर १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ म्हणत नसत. कशाचे तरी रूप काढून टाकले की अमूर्त उरते. इथे काढून टाकायला मुळात वस्तूच नव्हती, म्हणून ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा.

त्यांची चित्रे अंतःप्रेरणेतून आली असे सर्रास म्हटले जाते. ते खरेच आहे, पण त्यावरून हुक्की येताच रंग फासणारा कलावंत डोळ्यांपुढे आणला तर फसगत होते. गायतोंडे यांचा बराच वेळ काहीच न करण्यात जाई. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्याकडून घेतलेले मौन त्यांच्या कामाच्या पद्धतीतच मुरले होते.

हात चालू लागला की काम मात्र कारागिराचे. पातळ तैलरंगाचा थर रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) खरवडायचा, त्यावर पुन्हा थर. कधी कागदाचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. मागे राहतो तो अनियमित कडांचा ठसा, कुठल्याच लिपीत न बसणाऱ्या अक्षरासारखा. जवळ जाऊन पाहिले की या ठशांभोवती खालचा रंग वर झिरपताना दिसतो. उजेड बाहेरून पडलेला नसून थरांच्या आतून येतोय असे वाटते. छापील प्रतीत यातले फारच थोडे हाती लागते.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागातल्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहिले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे मोठी चित्रे थांबली; त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली.

पैसा आणि गाजावाजा मागाहून आला. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. बहुतेक चित्रांना नाव नाही. ‘शीर्षकविरहित’ एवढेच लिहिलेले असते. याद्यांमध्ये एक दुसऱ्यापासून ओळखायचे ते साल आणि मापावरून.