शारीरिक मानवशास्त्रातील क्षेत्रप्रशिक्षण

मानवी शरीराची उत्क्रांती, वाढ आणि निरनिराळ्या लोकसमूहांतील शारीरिक फरक यांचा अभ्यास करणाऱ्या शारीरिक मानवशास्त्रात विद्यार्थ्याला उत्खननाच्या चरात किंवा वाडीवस्तीवर नेऊन जे शिक्षण दिले जाते, त्याला क्षेत्रप्रशिक्षण म्हणतात. या शास्त्राला आता बहुधा जैविक मानवशास्त्र म्हटले जाते. वंशांची प्रतवारी लावण्याच्या जुन्या वारशापासून दूर जाण्याची इच्छा या नामांतरामागे आहे. अमेरिकेत १९३० मध्ये स्थापन झालेल्या या शास्त्राच्या व्यावसायिक संघटनेनेही अलीकडे आपल्या नावातील ‘शारीरिक’ हा शब्द काढून ‘जैविक’ हा शब्द स्वीकारला.

महाराष्ट्रात ही परंपरा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजली. तेथील इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर प्रबंध लिहिला होता आणि मार्गदर्शकाला अपेक्षित असलेला वंशाशी संबंध मोजमापांत आढळत नाही, असा निष्कर्ष त्यात काढला होता. मोजमाप करणाऱ्याने हाती आलेल्या आकड्यांशीच इमान राखावे, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यापुढे ठेवता येणार नाही. पुढे १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन सांगाडे मिळाले, तेव्हा कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी एकत्र काम केले.

या सहकार्याचे मोल शिरूर तालुक्यातील इनामगावात ठळकपणे दिसले. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात केले आणि तेथे दोनशेहून अधिक दफने सापडली. मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. प्रौढांना उत्तर-दक्षिण निजवून पुरलेले होते आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली होती. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका प्रौढाची पावले मात्र शाबूत होती. पावले नाहीत हे ओळखायला तेथे कोणती हाडे असायला हवीत हे आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसणारा खणणारा ‘हाडे कुजली असतील’ असे म्हणून पुढे सरकला असता. तान्ह्या मुलाच्या सांगाड्यात कवटीची हाडे पातळ आणि सुटी असतात, लांब हाडांची टोके मुख्य हाडाला जुळलेली नसतात आणि मूळ न फुटलेले दातांचे शेंडे ज्वारीच्या दाण्याहून थोडेच मोठे असतात. म्हणून कुंभातली माती चाळल्याशिवाय टाकायची नाही, ओलसर हाड एकदम उन्हात उघडे करायचे नाही, बांबूच्या काडीने आणि ब्रशने माती सोडवायची, आणि रेखाटन व छायाचित्र झाल्याखेरीज काहीही उचलायचे नाही, हे विद्यार्थ्याच्या हातात मुरावे लागते. येथील सांगाड्यांचा आणि दातांचा सविस्तर अभ्यास सुभाष वाळिंबे आणि अमेरिकी संशोधक जॉन लुकाक्स यांनी केला.

जिवंत माणसांच्या मोजमापाला, म्हणजे मानवमितीला, वेगळी शिस्त लागते. उंची घेताना कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत ठेवतात. हा संकेत १८८४ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ठरला. सकाळची उंची संध्याकाळी सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरू शकते, त्यामुळे वेळ नोंदवावी लागते. शिकाऊ विद्यार्थी त्याच व्यक्तीचे तेच माप पुन्हा घेतो आणि दोन आकड्यांतील तफावतीवरून आपल्या हाताची चूक ओळखतो. ज्याचे माप घ्यायचे त्याला हेतू त्याच्या बोलीत समजावून त्याची संमती घेणे आणि त्याने नकार दिल्यास तो मुकाट्याने मान्य करणे, हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

भारतात मानवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्याचा समावेश असतो. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय कोलकात्यात असून त्याचे एक प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. परदेशात केनियातील तुर्काना सरोवराकाठच्या कूबी फोरा येथील प्रशिक्षणवर्ग प्रसिद्ध असून तेथे विद्यार्थी आदिमानवांचे जीवाश्म ज्या थरांत मिळतात तेथे प्रत्यक्ष काम करतात. मात्र अशा वर्गांचे शुल्क आणि प्रवासखर्च आपल्याकडील सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात क्वचितच असतो. त्याला पहिला सांगाडा मातीत पाहायला मिळतो तो बहुधा आपल्याच राज्यातील एखाद्या उत्खननात, आणि तोही उत्खनन करणाऱ्यांनी मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवर्जून बोलावले तर.